दोन शून्यं

इंजिन बंद असलं की सगळं सोन्यासारखं.
अकॉर्डियनचा भाता श्वास घेतो, तोही ऐकू येतो.
किल्ली फिरवली की सुरू,
कुईंऽऽऽ
रेस दाबली की चढतं, सोडली की उतरतं.
गाण्याच्या मागच्या खोलीत कुणीतरी
दाढ धरून बसल्यासारखं.

गाडी माझ्याच वयाची, एकतीस वर्षांची ऑडी.
अ‍ॅम्प्लिफायर मात्र कोरा करकरीत, गुंटिसनं धाडलेला.
गुंटिस माझा थोरला. आयर्लंडात मॉनहनला अळंबी खुडतो.
रविवारी फोन करतो, विचारतो, "वाजतंय ना झकास?"
तीन रविवार मी "हो" म्हणालोय.

तसं मी काय कमी केलं?
प्लग बदलले. वायर बदलली.
बाजारातून आठ युरोंचा फिल्टर आणून मध्ये बसवला,
कुईं गेली, पण सोबत खर्जही गेला,
सगळा गाव सर्दी झाल्यासारखा गायला लागला.
काढला. कुईं परत आली, ताजीतवानी.

मग गेलो ब्रोनिस्लावकडे.
डाउगावपिल्सच्या कडेला गॅरेजांची रांग, एकशे चौदा नंबर.
बाहेर उणे अकरा. आत शेगडी, आणि थर्मासमध्ये काळा चहा.
अडतीस वर्षं रेल्वे इंजिनं दुरुस्त केलेला माणूस,
एका कानानं कमी ऐकतो, दुसऱ्यानं जास्त.
म्हणाला, "सुरू कर."
डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाला,
"गाडी आधीपासून कण्हत होतीच, बाळा.
तू फक्त तिला तोंड दिलंस."

सिग्नलच्या पिना उपटल्या. शांत.
"म्हणजे हा मागचा पेटारा निर्दोष.
पुढून येतंय. इथंच कुठंतरी पाणी मुरतंय."
मीटरची एक सुई रेडिओच्या अर्थिंगला,
लांब वायर लावून दुसरी डिकीतल्या नटाला.
दोन्हीकडे जमीन. दोन्हीकडे शून्य.
मधे काहीच नको दिसायला.
दिसलं, शून्य पूर्णांक तीन.

"बघ," तो म्हणाला,
"रेडिओचं शून्य वेगळं, पेटाऱ्याचं वेगळं.
दोघंही आपापल्या जागी खरं बोलतायत.
जो फरक आहे ना मधला,
तोच वाट शोधत तुझ्या गाण्यात घुसतो."

डिकीतला नट मीच आवळला होता, अगदी जीव खाऊन,
पण आवळला होता राखाडी रंगावर.
त्यानं पॉलिश पेपर माझ्या हातात दिला.
घासलं. घासत राहिलो. बोटं बधिर.
रंग गेला, प्रायमर गेला,
मग एक रुपयाएवढं लोखंड उघडं पडलं, चकाकत.
रेडिओची जाड काळी वायर ओढून आणली त्याच नटापाशी.
आणि सिग्नलची तार, जी मी आळसानं
बॅटरीच्या तारेला चिकटवून नेली होती,
ती उजव्या दाराखालून नेली, वेगळी.

किल्ली फिरवली.
रेस दाबली. आणखी दाबली.
काही नाही.
अकॉर्डियन. भाता. श्वास.

मी तिथूनच गुंटिसला फोन लावला, शनिवार असून.
"वाजत नव्हतं रे," म्हणालो, "इतके दिवस. आता वाजतंय."
तो गप्प.
त्याच्या मागे पंख्यांची एकसुरी घरघर,
अळंबीच्या खोल्या गार ठेवणारी, न चढणारी, न उतरणारी.
"माहीत होतं मला," तो म्हणाला,
"तुझ्या 'हो'मध्येच ऐकू यायचं."
मग म्हणाला, शिफ्ट आहे, ठेवतो.

पैसे द्यायला गेलो तर ब्रोनिस्लावनं हात झटकला.
"एक चक्कर मारू दे मला."
गेलो रेल्वे फाटकापर्यंत, गाणं मंद करून.
त्यानं चांगला कान काचेला लावला.
"मागचं डावं बेअरिंग," म्हणाला,
"महिनाभर ओरडत असणार. ऐकू येतंय ना आता?"

आलं.