वही क्रमांक एक

कॅल्डरला कौंटीचं कोर्टहाउस आहे,
म्हणून कॅल्डर आहे.
नाहीतर इथं गहू, वारा
आणि न थांबता जाणारे ट्रक.
वस्ती आठशे बारा. पाटीवर अजून नऊशे चाळीस.
पाटी बदलायला पैसे मंजूर होत नाहीत,
झाले तरी कुणी बदलणार नाही.

लग्नाचा परवाना, ट्रॅक्टरची नंबरप्लेट,
कुंपणाचं भांडण, मयताचा दाखला,
सगळ्याला एकच खिडकी. खिडकीत व्हर्लीन हासकॅम्प.
एकोणतीस वर्षांत
तिच्या चष्म्याची दोरी तेवढी बदलली.
मी फरशी पुसतो, बॉयलर बघतो,
तळघराची किल्ली माझ्याकडे.
तेव्हा मला जे ठाऊक आहे
ते ठाऊक नाही असं धरून चाला.

तळघरात वही क्रमांक एक.
कातडी पुठ्ठा, एक कोपरा जळका.
ती आमची नव्हे.
ठाणं आधी न्यू बर्गनला होतं, अकरा मैल उत्तरेला.
अठराशे सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये
आमच्या पणज्यांनी रात्री दोन गाड्या नेल्या,
राखणदाराला व्हिस्की पाजली,
दप्तर उचललं, शिक्का उचलला,
जाताजाता शेगडीसुद्धा.
सकाळी ठाणं कॅल्डरला उजाडलं.
न्यू बर्गन मग विरत गेलं, चहातल्या गुळासारखं:
आधी बँक, मग स्टेशन, मग शाळेची घंटा.
उरला ऑरिन ट्वेट.

दर एप्रिलला यायचा, शेतसारा रोख भरायला.
नोटा मोजून झाल्या की टोपी काढून
खिडकीशी वाकायचा,
"पावती दे. आणि आमची वही."
"पावती घे. वहीचं बघते."
एवढंच.
रांगेतलं कुणी हसायचं नाही.
पाद्र्यानं म्हणावं, आपण ऐकावं, तसं.

यंदा एप्रिल सरला.
लुपे आरिआगाच्या हॉटेलात त्याच्या खुर्चीत
एक बियाणं विकणारा बसला,
लुपेनं त्याला उठवलं.
मग नात आली, चेक घेऊन.
आजोबांचे पाय आता जमिनीला लागत नाहीत, म्हणाली.
पावती घेतली, दारापर्यंत गेली, परत आली.
"अजून काहीतरी मागायला सांगितलं होतं त्यांनी.
विसरले मी."
व्हर्लीन बराच वेळ चष्मा पुसत राहिली.

शुक्रवारी तिनं माझ्याकडे किल्ली मागितली.
तिच्यापाशी तिची स्वतःची आहे.

मूळ दस्त इमारतीबाहेर नेणं गुन्हा,
ही सूचना भिंतीवर तिनंच चिकटवलेली,
चारी कोपऱ्यांना टेप.

डेप्युटी ब्लाहाला रात्री गस्तीवर
तिची ब्युइक उत्तरेला जाताना दिसली.
मागच्या सीटवर रजईत गुंडाळलेलं काहीतरी,
वर पट्टा लावलेला, लेकराला लावावा तसा.
त्यानं दिवे मंद केले
आणि दुसरीकडे वळला.

ट्वेटच्या स्वयंपाकघरात काय झालं
ते मी सांगू शकत नाही.
दोन वाजेपर्यंत दिवा होता म्हणे.
पण कायद्यानं बघाल तर
शुक्रवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत
ठाणं न्यू बर्गनला होतं.
कुणाला लग्न लावायचं असतं
तर तिथवर जावं लागलं असतं.

शनिवारी मी तळघरात उतरलो.
वरच्या फळीवर, धुळीत, एक स्वच्छ चौकोन.
नजरेत भरत होता, पडलेल्या दातासारखा.
मी ती फळी पुसली.
मग खालची.
मग सगळ्याच. एक्केचाळीस वह्या उतरवल्या,
चढवल्या.
गुडघे अजून बोलतात.

सोमवारी वही जागेवर.
मलमाचा वास येत होता तिला.
व्हर्लीन जिन्यात थांबली, म्हणाली,
तळघर फार स्वच्छ दिसतंय.
म्हटलं, कधीतरी करावं लागतं.

ती दोन पायऱ्या चढली आणि वळली.
"ऑरिन विचारत होता,
शेगडी कुठाय?"

बॉयलरमागं आहे.
तिच्यावर मी रंगाचे डबे ठेवतो.
चार माणसं लागतील उचलायला,
आणि एक पिकअप.