सात मिनिटं

भातगिरणीच्या काट्याशेजारी
सहा बाय आठची खोली.
काळ्या पडद्यावर अक्षरं आपोआप उमटतायत,
मुरारी शेंडेनं मागच्या दिवाळीत टाईप केलेली.
मी फक्त लॉग चालू केलाय.

एक कमांड चुकते. खोडतो. पुन्हा तीच चूक.
फाईलनं खोडणंही जपलंय.
पासवर्डाच्या जागी मात्र काहीच नाही.

मग कर्सर नुसता लुकलुकत राहतो.
सात मिनिटं.
"पुढं ढकल ना वं," दिवाणजी म्हणतात,
"रिकामं काय पायतं?"

वेग वाढवता येतो. मी वाढवत नाही.
लाईन गेली नव्हती, मशीन चालूच होतं.
धानाचा ट्रॅक्टर आला असेल.
नाहीतर दारात कुणी म्हणालं असेल,
मुरारीभाऊ, घरून फोन हाये.

त्यानंतर त्याची एकही चूक नाही.
एकेक अक्षर, सावकाश,
जसं कुणी सांगतंय आणि तो लिहून घेतोय.
शेवटी एक्झिट.
दुसऱ्या दिवसापासून हजेरीत फुल्या.

मला हवी होती ती ओळ सापडली,
काट्याचा पोर्ट सुरू करणारी. वहीत उतरवली.
तरी लॉग मागं नेते.

बाहेर कोंडा उडतोय.
माझंही सेशन नोंदवलं जातंय:
इथं, आत्ता,
काहीच न लिहिता.