हिरवा ठिपका

पिंप्राळ्याच्या खोलीत थर्मोडायनॅमिक्स
संक्रांतीपासून पान एक्केचाळीसवर आहे.
खूण म्हणून पानात पेन ठेवला होता,
त्याची शाई वाळली.

मी काही वाईट बघत नाही.
आसोद्याच्या मळ्यातली भरीत पार्टी,
योगराजच्या चुलतभावाची बुलेट,
सुरतेची एक बाई साडीची घडी घालते, तीसुद्धा शेवटपर्यंत.
शिवाय 'एका रात्रीत एन्ट्रॉपी' शिकवणारे एक सर,
ते सेव्ह करून ठेवलेत.
सेव्ह केलेले एकशे बारा आहेत. सगळे अभ्यासाचेच.

इंटर्नलला वीसपैकी पाच.
सोनवणे मॅडम काही बोलल्या नाहीत,
नुसत्या माझ्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.
तो बाकावर, रिकाम्या लाकडावर,
आपोआप वर सरकत होता.

पप्पा दोंडाईच्याच्या अलीकडे फाटकावर असतात.
रात्रपाळीत मालगाडी गेली की
फाटक उघडायचं, वहीत वेळ लिहायची,
आणि साहेब येणार नसेल तर
जेवणाच्या डब्याखालून मोबाईल काढून
माझ्या नावाशेजारचा हिरवा ठिपका बघायचा.
हिरवं म्हणजे गाडी चाललीय,
अठ्ठावीस वर्षांचा हिशेब आहे त्यांचा.
"रातले दोन वाजता बी दिवा चालू ऱ्हास त्याना,"
गावात सांगतात, "भलता अभ्यास करस पोऱ्या."

मंगळवारी काय झालं कोण जाणे.
फोन बंद केला, योगराजच्या पेटीत टाकला,
चावी घेऊन तो भुसावळला गेला.
पहिला तास भयंकर.
हात खिशावर जायचा, मांडी खोटीच थरथरायची.
एकाच ओळीवर सात वेळा चढलो, घसरलो.
मग बाराच्या पुढे कधीतरी
उष्णता गरमाकडून थंडाकडेच का जाते,
हे वाचलेलं नाही, कळलेलं वाटलं.
बाहेर कुणीतरी कूलरमध्ये पाणी भरत होतं.
पान सत्तेचाळीस.
सहा पानं. पहाटेचे चार.

सकाळी योगराज आला, पेटी उघडली.
पाच मिस्ड कॉल, सगळे पप्पांचे.
लावला.
"रातले तुना दिवा नई दिखना.
लवकर जपी गया का?"
मागे इंजिनाची शिट्टी, कुण्या ट्रॅक्टरवाल्याची घाई.
"हो," म्हणालो.
"बरं झायं. डोयास्ले आराम."

फाटक करकरत वर गेलं, ऐकू आलं.
फोन अजून कानाशीच होता
आणि अंगठा
त्याच्या कडेवरून हळूच वर सरकला.