अकरा सेकंद

कमांडर क्रूसे 'हेरिंग'वर चढली तेव्हा
तिच्याकडे सामान असं नव्हतंच:
एक पिशवी, आणि एक चावीचं घड्याळ.
पहिल्याच दिवशी तिनं म्हाताऱ्या पेल्लेग्रिनची आरामखुर्ची
कोठारात टाकली. बोलली काही नाही.
खुर्चीच्या जागी चार फिकट ठिपके राहिले.
योग्वान येता-जाता त्यांना वळसा घालायचा,
जणू अजून कुणी बसलंय.

मग कवाडं.
सतरा नंबरचं कवाड लावायला आम्हाला एकोणीस सेकंद लागत.
पेल्लेग्रिनच्या राज्यात एकोणीस म्हणजे शाबासकी.
"अकरा," क्रूसे म्हणाली.
जेवताना भोंगा. झोपेत भोंगा. अंघोळीत भोंगा.
झुल्दिझ अंगाला साबण तसाच घेऊन धावली,
घसरली, कोपर सोललं,
आणि क्रूसेनं घड्याळात बघून सांगितलं:
सोळा.

आम्ही तिला नावं ठेवली. किती ठेवली!
लेओटानं तर त्यांची वहीच केली, तारीखवार.
इमरे म्हणायचा, ही बया सुपातलं मीठसुद्धा मोजून मागेल.
मागितलंच.
माणशी दीड ग्रॅम.

मी पाइपांचं काम बघायची. हात बरा होता माझा.
तरी माझ्या प्रत्येक सांध्यावरून ती बोट फिरवायची,
आंधळ्यानं चेहरा चाचपावा तसं,
आणि म्हणायची, "पुन्हा."
का, म्हणून विचारायला हवं होतं.
मी नुसतं पुटपुटले, "बरा आहे की."
"बरा," ती म्हणाली, "हा शब्द या जहाजावर नको."

नाहुएल सगळ्यांत लहान.
भोंगा वाजला की चाक उलटं फिरवायचा.
तिनं त्याला एका रात्री एकट्याला उभं केलं,
अंधारात, चाळीस वेळा.
एकेचाळिसाव्या वेळी त्याला रडू फुटलं
आणि कवाड बारा सेकंदांत लागलं.
ती म्हणाली, "एक सेकंद रडण्यात गेला."
हे त्यानंच आम्हाला सांगितलं, हसत हसत.
मला ते हसणं आवडलं नाही.

वाटेतल्या इंधन-तळावर तो उतरला,
पिशवीसुद्धा न घेता.

त्या रात्री आम्ही खानावळीत बसून तक्रारअर्ज लिहिला.
पृथ्वीवर पोचायला तीन वर्षं,
उत्तर यायला त्याहून जास्त.
तरी लिहिला. काना-मात्रा तपासल्या.
योग्वान म्हणाला, दुसरा परिच्छेद ढिला पडलाय,
पुन्हा लिहू या.
मग बराच वेळ कुणी कुणाकडे बघितलं नाही.

अकरा जमले ते एका मंगळवारी.
आम्ही ओरडलो, एकमेकांच्या पाठी बडवल्या,
इमरेनं जपून ठेवलेला जर्दाळूंचा डबा फोडला.
क्रूसेनं घड्याळाला चावी दिली आणि ती निघून गेली.
दुसऱ्या दिवशी भोंगा नाही.
तिसऱ्या दिवशी नाही.
चौथ्या रात्री सगळे आपापल्या खोल्यांत टक्क जागे,
बूट घालून.

लोक विचारतात, मग पुढे?
पुढे काही नाही.
ना उल्का, ना भगदाड, ना आग.
सतरा नंबरचं कवाड खऱ्या कामाला कधी लागलंच नाही.
आम्ही धडधाकट पोचलो. एक कमी.
ती बरोबर होती का, हे सांगायला
निदान एखादा अपघात तरी हवा होता.

आता मी इथे, या तांबूस उजेडाच्या गावात, जमिनीवर राहते.
माझ्या घराला साधं दार आहे,
बाहेर हवा आहे, फुकटची, हवी तेवढी.
तरी कडी लावताना ओठ हलतात.
नऊ. दहा.

मागच्या महिन्यात नाहुएलचं पत्र आलं.
तळावरच राहिला तो. लग्न केलं, डोक्याचे केस गेले.
नव्या पोरांना कवाडं लावायला शिकवतो म्हणे.
किती सेकंदांत, ते लिहिलेलं नाही.

मी विचारलंय.
उत्तर यायला वेळ लागेल.