पत्ता असलेली नावं

मे महिना. कूलरच्या टाकीत पाइप सोडून
मी पुन्हा यादीपाशी बसते.
त्रिमूर्तीनगरात दुपारी तीनला
कुत्रंसुद्धा डांबर ओलांडत नाही.

कंपायलरनं ओकलेली नावं
एक कोटी बारा लाख.
फंक्शनं, व्हेरिएबलं, टाइप, टाइपच्या पोटातले टाइप,
आणि लूपमधले ते सगळे आय आणि जे,
कंस उघडला की जन्मतात,
बंद व्हायच्या आत संपतात.
मला ठरवायचंय, सूचीत कोण.

सगळीच घेतली
तर सूची प्रोग्रामहून जाड होते,
लिंकर रात्रभर कण्हतो.
कमी घेतली तर डीबगर येतो, चाळतो
आणि म्हणतो, असं कोणी नाही.
माहीत नाही, असं नाही म्हणत.
नाही, म्हणतो.
या एका शब्दावर मी तीन दिवस अडकलेय.

बाबा सीताबर्डीच्या टेलिफोन ऑफिसात
चौकशीच्या खुर्चीवर एकोणीस वर्षं.
समोर जाडजूड डिरेक्टरी, कानाला काळा हेडफोन.
लोक विचारत, कॉटन मार्केटच्या मागचा
तो स्टोव्ह दुरुस्तीवाला, एका डोळ्यानं कमी पाहते तो...
"पुस्तकात नाही. पण थांबा जी,"
म्हणून बाबा शेजारच्या पानठेल्याचा नंबर देत.
ज्याच्या घरात तार पोचली तोच छापला जाई.
अर्ज केलेला, पैसे भरलेला,
नऊ वर्षं वाट पाहणारा गोळीबार चौकातला यादवराव हेडाऊ
कुठल्याच पानावर नव्हता.

माझा नियमही तसाच निघाला:
ज्याला पत्ता, त्याचं नाव.
दुसरीकडे कुठंतरी असं एक फंक्शन आहे,
एवढीच घोषणा असेल, तर वगळ.
ऑप्टिमायझरनं गिळलं असेल, वगळ.

मग आलं ते इनलाइन झालेलं.
स्वतःचं घर नाही,
सतरा जणांच्या अंगात विरघळलेलं.
घे, मी लिहिलं. सतराही वेळा घे.

आणि निनावी नेमस्पेस.
नाव नसेल तर
"निनावी" हेच नाव म्हणून लिहा,
मानकात तसं स्पष्ट आहे, कंसासकट.
मी एकटीच हसले.

संध्याकाळी सुगत गजभियेचा फोन:
"ताई, माझा काउंटर सापडूनच नाही राह्यला."
फंक्शनच्या आत बसलेला एक स्टॅटिक.
आतला म्हणजे स्थानिक,
स्थानिकांना मी दारातूनच परत पाठवलं होतं.
पण पत्ता होता त्याला. पक्का.
प्रोग्राम उठल्यापासून झोपेपर्यंत एकच.
मी फक्त पाहिलं होतं
तो कुणाच्या घरात राहतो.

बाबा टरबुजाच्या बिया वाटीत टाकत होते.
"काय करून राह्यली?"
नावं गाळून राह्यली.
"मंग खाली एक ओळ लिही ना,
यात नसल्यास चौकशीला विचारा."
सूचीला तशी ओळ नसते, बाबा.
डीबगर तिच्यावर पूर्ण विश्वास टाकतो.
"मंग तो येडा आहे," म्हणाले, आणि पुढची फोड घेतली.

रात्री दोनला अट बदलली.
सूची पावणेदोन टक्क्यांनी फुगली.
तीन टेस्ट पास, एक अजून लाल; ती सकाळी.
सुगत जागाच होता. सापडला, म्हणाला.
किती आहे त्यात?
शून्य.
म्हणजे तो रस्ता कधी चाललाच नव्हता कोणी.

कूलरचा पंप घरघरत होता.
आतून बाबांचा आवाज आला, झोपेतला की जागेपणीचा कळेना:
हेडाऊचा लागला होता फोन नंतर,
चौऱ्याऐंशी साली.
पाच आकडी नंबर, अजून पाठ.
त्यांनी सांगितला, एकेक आकडा तोडून,
ऑपरेटरसारखा.
हातात पेन होतं माझ्या.
मी लिहून घेतला नाही.