सव्वाचार सेकंद

आमच्या धंद्यात जागा सेकंदांत मोजतात.
दोन संवादांच्या फटीत,
कुणी श्वास घेऊन बोलायला लागण्याआधी
जेवढं उरतं, तेवढ्यात
अख्खं घर मांडायचं, भांड्यांसकट,
ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी.

आ कोरुन्याच्या बंदरामागे
मासळीच्या बर्फकारखान्यावर आमचा स्टुडिओ.
भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा फोम,
तरी पहाटे चारला बर्फ ओतल्याचा आवाज
रेकॉर्डिंगमध्ये शिरतोच.

या वेळचा सिनेमा:
एक बाई, जहाजावरच्या आचाऱ्याची बायको.
कंपनीचा माणूस त्याचा कोट आणून देतो
प्लास्टिकच्या पिशवीत,
सही घेतो, जातो.
मग सव्वाचार सेकंद कुणी बोलत नाही.
ती कोटाच्या खिशात हात घालते.

रात्रभर मी ते वाक्य घासत बसले.
‘तिच्या चेहऱ्यावर दुःख दाटतं.’ खोडलं.
काही दाटत नव्हतं. भुवई हलली होती,
माशी आली की हलते तेवढीच.
‘ती खिसा चाचपते.’ तेही खोडलं,
चाचपते म्हटलं की तीच आंधळी वाटते.
शेवटी जमलं एक, अकरा शब्दांचं,
फटीत बरोबर बसणारं.
मी स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

ऐकून तपासायला दर गुरुवारी एलादिओ येतो.
आधी ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा.
नजर कशी गेली विचारलं तर
‘साखरेनं’ म्हणतो,
आणि कॉफीत दोन चमचे टाकतो.

माझं वाक्य आलं, त्यानं हात वर केला.
‘खिशात काय होतं?’
‘दाखवलेलं नाही.’
‘तुलाही नाही दिसलं?’
‘नाही.’
‘मग मध्ये कशाला बोलतेस, बाई?
तिचं नख अस्तराला घासत होतं. ऐकू दे की.’

मी परत लावलं. तीनदा.
होतं. शिवणीपाशी कुठेतरी, खर्र.
डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं मी,
कान तेवढे घरी राहिले होते.

अकरा शब्द पुसले.

दुपारी उशीआनं टेबलावर टकटक केलं.
तिला जन्मापासून ऐकू येत नाही,
याच सिनेमाची अक्षरं ती लिहिते,
दार आपटतं, कुत्रा भुंकतो, लांब भोंगा.
फोनवर टाइप करून दाखवलं:
‘तू इथे गप्प झालीस म्हणे. मग मी काय लिहू?’
‘नख,’ मी लिहिलं. ‘कोटाच्या अस्तरावर.’
तिनं खुंटीवरचं माझं जाकीट काढलं,
खिशात हात घालून बराच वेळ उभी राहिली.
मग दोन बोटांत चिमूटभर अंतर धरून
भुवया उंचावल्या: एवढा आवाज?
मी अंतर निम्म्यानं कमी केलं.

सिनेमा मार्चमध्ये घराघरांत आला.
कंपनीच्या पत्रकात लिहिलं होतं, वर्णन उपलब्ध.
रविवारी एलादिओचा फोन.
‘कुठे लपवलंय तुमचं उपलब्ध?’
तिसऱ्या पडद्यावर, करड्यावर करडं,
मुक्या चौकोनात.
अंधांसाठीचं बटण, डोळस माणसालाच सापडेल असं.
शेजारीण गावाला गेलेली.
मग मी माझ्या टीव्हीसमोर, तो त्याच्या,
‘खाली. अजून खाली. आता उजवीकडे.
नाही, हे भाषांचं. मागे ये.’
वीस मिनिटं. एका शिवीनंतर लागलं एकदाचं.

फोन ठेवायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.
त्याच्या खोलीतून माझाच आवाज मला ऐकू येत होता,
जरा जास्तच गोड.
जिना. दार. माणूस, पिशवी, सही.
आणि मग मी नाही.

फोनमध्ये त्याचा फ्रीज घरघरत होता,
खालून कुणी मोटार लावत होतं.
नख काही माझ्यापर्यंत पोचेना.

‘घासलं,’ एलादिओ हळूच म्हणाला,
फटीत बरोबर बसेल असं.