टेमा बंदर, गोदाम नऊ

दाराला दोन कुलुपं : एक कस्टमचं, एक माझं.
एकट्याला कुणालाच उघडता येत नाही.

आत झिफा आग्बेकोची दोनशे बारा शिलाई मशिनं.
फरशी घानाची,
पण कागदावर अजून समुद्रातच.

दर मंगळवारी झिफा येते, घामेजलेली,
आठ मशिनांची जकात भरते, आठच नेते.
"केटाच्या शिंपिणी देतील पैसे,
शाळा उघडू देत."
उरलेल्यांचं नुसतं भाडं चढतं.
जकात बाहेर ओसरीवर बसून राहते,
चहासुद्धा न मागता.

आज तपासणीला साहेबांनी एक खोकं फोडलं,
चाक फिरवलं.
सुई खाली गेली, वर आली,
खाली गेली.
दोरा नव्हता.

झिफा बघत राहिली. मग बटवा उघडत म्हणाली,
"नऊ लिहा. याचीही भरते."